पांगुळगाडा की वॉकर? नाव एक, काम उलटं

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर लहान मुलांच्या दुकानात जाऊन ‘वॉकर दाखवा’ म्हटलं, तर समोर दोन अगदी वेगळ्या वस्तू येऊ शकतात. एक गोल, प्लास्टिकची. मधोमध कापडी बैठक, खाली सगळीकडे फिरणारी चाकं, पुढे ट्रे, त्यावर दिवे आणि गाणी. दुसरी म्हणजे आपला जुना पांगुळगाडा. तीन चाकं, एक उभी चौकट, धरायला आडवा दांडा. बैठक नाही, पट्टा नाही. दुकानदार त्याला ‘लाकडी वॉकर’ किंवा ‘पुश वॉकर’ म्हणतो. घरातली आजी मात्र गोल वॉकर पाहूनही म्हणते, ‘पांगुळगाडा आणला का? बरं केलं.’

हा घोळ दोन्ही बाजूंनी नडतो. डॉक्टरांनी ‘वॉकर वापरू नका’ सांगितलं म्हणून कुणी माळ्यावरचा चांगला पांगुळगाडा जळणात घालतं. आणि ‘आमच्या वेळीही होता की, कुणाचे पाय मोडले?’ म्हणत कुणी दीड-दोन हजारांचा गोल वॉकर घरी आणतं. आजीच्या वेळी जो होता, तो हा नव्हे.

फरक समजायला बाळाचे पाय बघा, गाणी-दिवे नकोत. गोल वॉकरमध्ये बाळ उभं दिसतं, पण ते बसलेलं असतं. अंगाचा भार बैठकीवर, पाय खाली लोंबतात, बोटांची टोकं जमिनीला टेकतात. पुढे जायला ते टोकांनी रेटा देतं. यात पोटरी राबते. कंबर आणि मांड्या, म्हणजे उभं राहायला जे स्नायू लागतात, ते बसून असतात. तोल जातच नाही, त्यामुळे तो सावरायची वेळ येत नाही. ट्रे आडवा आल्यामुळे बाळाला स्वतःचे पायही दिसत नाहीत. सायकल स्टँडवर लावून कितीही पायडल मारलं तरी सायकल चालवता येत नाही, तसाच हा प्रकार.

पांगुळगाडा यातलं काहीच फुकट देत नाही. आधी बाळाला दांडा धरून स्वतःच उठावं लागतं. उठलं की पूर्ण भार स्वतःच्या तळव्यांवर. गाडा ढकलायचा म्हणजे एक पाय उचलावा लागतो, आणि तो उचलला की क्षणभर सगळा भार दुसऱ्यावर येतो. चालणं म्हणजे नेमकं हेच. मध्येच गुडघे वाकतात, बाळ बुडावर बसतं, कुरकुरतं, पुन्हा उठतं. ज्याला अजून धरून उभंच राहता येत नाही, त्याला पांगुळगाडा चालवताच येत नाही. माझ्या मते ही त्या वस्तूची सर्वांत चांगली गोष्ट आहे. तयारी नसलेल्या बाळाला ती पुढे ढकलत नाही. गोल वॉकरच्या खोक्यावर मात्र सर्रास ‘६ महिन्यांपासून’ छापलेलं असतं. त्या वयाची कितीतरी बाळं अजून टेकूशिवाय बसतही नाहीत. उष्टावणाला मामाने वॉकर आणायचा आणि त्याच दुपारी बाळाला त्यात टांगून फोटो काढायचा, हे आता फार झालंय.

‘पण वॉकरने लवकर चालायला लागतात ना?’ हा पुढचा प्रश्न. १९९९ साली अमेरिकेत १०९ बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वॉकर वापरणारी बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उलट उशिराच लागलेली दिसली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत उशीर इतका ठळक दिसत नाही, हेही सांगायला हवं. पण फायदा होतो याला आधार नाही. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले, ते काम ती वस्तू करत नाही.

तरीही, वेळ वाया गेला एवढंच असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. खरी काळजी इजेची आहे. चाकांवरचं बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. चुलीवरची भाकरी उलटायला तुम्ही मान वळवली, तेवढ्यात ते उंबऱ्यापाशी पोहोचलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे इजा होऊन दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आणलेल्या, १५ महिन्यांच्या आतल्या बाळांची संख्या २ लाख ३० हजारांहून अधिक भरली. त्यातली बहुतेक डोक्याला किंवा मानेला लागलेली, आणि दर चारांतली जवळपास तीन जिन्यावरून पडलेली. कॅनडाने तर एप्रिल २००४ पासून अशा वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात, तिन्ही बंद केली. तिथे जुना वॉकर घरगुती सेलमध्ये विकणंही बेकायदा आहे. आपल्याकडे अशी बंदी नाही, म्हणून निवड घरच्यांनाच करावी लागते.

जिना नाही म्हणून आपलं घर सुरक्षित, असं खान्देशात समजू नये. गावाकडच्या घराला ओटा असतो, दोन-तीन फूट उंच आणि बहुधा विनाकठड्याचा. त्यावरून वॉकरसकट पडलेलं बाळ आधी डोक्यावर येतं, कारण ट्रेचं वजनही त्याच्यासोबत येतं. शिवाय वॉकर बाळाची उंची आणि पोच वाढवतो. रांगणाऱ्या पोराचा हात जिथे जात नाही, तिथे वॉकरमधल्याचा जातो. टेबलावरचा चहा, लोंबणारी इस्त्रीची वायर, पलंगावरचं गरम वरण, सगळं हाताशी येतं.

त्यात आपला हंगाम बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, कडेवर सात-आठ महिन्यांची बाळं असतात आणि कौतुकाने वॉकरही तेव्हाच घेतले जातात. नेमक्या त्याच दिवसांत भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो. घराघरांत पत्र्याचा कूलर सुरू, खाली वायर, टाकीत पाणी. अर्थिंग धड नसेल तर ओला पत्रा मोठ्या माणसालाही झटका देतो. अंगणात कुरडयांचा चीक रटरटत असतो, बिबड्या-पापडांसाठी बायांची लगबग चाललेली असते. दहा माणसं घरात असतात आणि प्रत्येकाला वाटतं, बाळाकडे दुसरं कुणीतरी बघतंय. अशा घरात चाकांवर बसवलेलं बाळ मला तरी बघवत नाही.

आता पांगुळगाड्याचीही उगाच आरती नको. त्याच्या खोडी वेगळ्या. जुना गाडा शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाहीतर खडबडीत शहाबादी फरशीवर चालायचा. तिथे चाकांना अडसर मिळायचा, गाडा बाळाच्या चालीने पुढे जायचा. आता घरात गुळगुळीत टाइल्स आल्या. तिथे हलका गाडा बाळाच्या पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं. यावर उपाय सोपा आहे. खालच्या पट्टीवर वाळूची किंवा गव्हाची छोटी पिशवी घट्ट बांधा. गाडा जड झाला की सावकाश सरकतो. घेतानाही रुंद तळाचाच बघा. दांड्यावर दोन्ही हातांनी जरा जोर देऊन पाहायचं. मागे उलटत असेल तर दुकानातच ठेवून यायचं. ओटा आणि जिना याही वस्तूला तितकेच वाईट. बाळ गाड्याशी असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

रंगाकडे नीट बघा. यात्रेत मिळणारा गाडा भडक लाल-पिवळा असतो आणि दात येण्याच्या वयातलं बाळ आडवा दांडा चघळणारच. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. पण समोरच्या गाड्याला कुठला डबा लावला, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. दुकानातून घेत असाल तर ही खूण मागा. सुताराकडून करून घेत असाल तर सरळ सांगा, रंग नको, फक्त कडा घासून गुळगुळीत कर. ठोकलेले मणी आणि घुंगरं ओढून बघा. सैल असेल ते आधीच काढून टाका, कारण निघालेला मणी घशातच जातो. आधीच्या पोराचा, शेजारचा किंवा मावशीकडचा गाडा मिळत असेल तर नवा घेऊच नका. खिळे वर आलेत का आणि लाकूड कुसळतंय का, एवढं तपासा. या वस्तूचं काम जेमतेम तीन-चार महिन्यांचं असतं.

आणि तोही नसला तरी काही बिघडत नाही. बाळ पलंगाची कड धरून चालतं, धान्याची कोठी धरून चालतं, उलटा ठेवलेला प्लास्टिकचा स्टूल ढकलतं. पांगुळगाडा हा आनंदाचा भाग आहे, गरजेचा नाही.

मग गोल वॉकर इतका का खपतो? मला वाटतं, चालायला शिकवायला तो फारसा कुणी घेत नाही. आईला स्वयंपाक करायचा असतो, शेतात डबा पाठवायचा असतो, आणि बाळ दहा मिनिटं कुठेतरी गुंतलेलं हवं असतं. ही गरज खरी आहे, तिला हसू नये. पण त्यासाठी बाळाला चाकं द्यायची नसतात, जागा आखून द्यायची असते. एका खोलीत गोधडी अंथरा, वायरी वर बांधा, दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी फळी आडवी लावा आणि दोन वाट्या, एक लाकडी चमचा समोर ठेवा. सुतार ती फळी तासाभरात बसवून देतो. ऐपत असेल तर जाळीचं कुंपण मिळतं, ते वॉकरपेक्षा महाग पडतं पण पैसे वसूल होतात.

घाई बहुतेक वेळा आईबापांची नसते, गल्लीची असते. ‘अजून चालत नही का पोऱ्या?’ असं तिघींनी विचारलं की चौथ्या दिवशी वॉकर घरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ बाळांची वाढ पाहिली होती. त्यात सुदृढ बाळं कुठल्याही आधाराविना चालायला लागण्याचा काळ साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. सरासरी बारा महिने. त्यातली ४ टक्क्यांहून जास्त बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. म्हणजे वाढदिवस झाला आणि पोर अजून भिंत धरूनच आहे, यात चिंता करण्यासारखं काही नाही. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे आधी आलं, तितके वजा करायचे.

१८ महिने होऊनही पाऊल पडत नसेल, एकच पाय किंवा एकच हात जास्त वापरला जात असेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरलं असेल, तर मात्र दुकानात नाही, डॉक्टरकडे जायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी बाळाला न्या आणि ही शंका तोंडाने बोलून दाखवा. पथक येण्याची वाट बघण्यासारखी स्थिती नसेल तर आशाताईला सांगा.

अशाच जोड्या बाळाच्या बाकी वस्तूंतही सापडतात. दुधाची बाटली आणि वाटी-चमचा दिसायला एकाच कामाचे. बाटलीच्या बुचात जंतू राहतात, उकळून घ्यावी लागते, आणि तिची सवय लागलेलं बाळ कधी कधी अंगावर प्यायला कंटाळतं. वाटी-चमचा साबणाने घासला, उकळत्या पाण्यातून काढला की झालं. बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, तरी बारशाच्या भेटीत ती हमखास निघते. पी-पी वाजणारे बूट आणि अनवाणी पाय हीही तशीच जोडी. घरात अनवाणीच बरं, बोटांना जमीन कळते. बूट घ्यायचे ते उन्हात तापलेल्या फरशीसाठी, आणि तेही मऊ तळव्याचे.

मामा आखाजीला विचारणार असेल, ‘काय आणू?’ तर आधीच सांगून ठेवा. सुती लंगोट, मच्छरदाणी, कूलरची अर्थिंग तपासायला वायरमन, यांतलं काहीही चालेल. शेवटचं विनोदाने लिहिलेलं नाही.

राहिला प्रश्न घरात आधीच असलेल्या गोल वॉकरचा. तो शेजारी देऊ नका, ‘तुमच्या कामाला येईल’ म्हणून नणंदेकडेही पाठवू नका. कॅनडाच्या आरोग्य खात्याचा सल्ला मला पटतो. पुन्हा कुणाला वापरता येणार नाही असा मोडायचा आणि मगच टाकायचा. चाकं उपटा, बैठक कापा, उरलेलं भंगारवाल्याला द्या. प्लास्टिकचे किलोप्रमाणे काही रुपये येतात.