बावन्न किलोमीटरच्या तिरप्या रेघा

एखादा जुना व्हीसीआर हाताशी असेल तर त्याचं झाकण काढून आत कॅसेट कशी बसते ते एकदा बघावं. (बोटं लांब ठेवून, आत वीज असते.) कॅसेट खाली बसते, तिची पुढची झडप उचलली जाते आणि फितीच्या मागे दबा धरून बसलेले दोन ठेंगणे खांब पुढे सरकतात. ते फितीला बाहेर ओढतात आणि मधल्या चकचकीत ड्रमला अर्ध्याहून जरा जास्त वेढा घालून थांबतात. हा ड्रम सरळ उभा नसतो, किंचित कललेला असतो. घाईघाईत बसवला असावा असं वाटतं, पण सगळी करामत त्या कलण्यातच आहे.

आवाज टेप करणं त्या मानाने सोपं. कानाला ऐकू येणारे चढउतार सेकंदाला फार तर वीस हजार. ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि तेवढ्यात काम भागतं. टीव्हीच्या चित्राला मात्र, घरगुती दर्जाचं म्हटलं तरी, सेकंदाला तीसेक लाख चढउतार लागतात. फितीवर प्रत्येक चढउताराला स्वतःची जागा हवी. हेडमधल्या (हेड म्हणजे फितीवर लिहिणारं-वाचणारं चुंबकी टोक) फटीपेक्षा ती जागा लहान झाली की चढ आणि उतार एकमेकांत मिसळतात आणि हाती काहीच लागत नाही. म्हणजे फीत पळवायला हवी, आणि तीही भलतीच जोरात.

तसं करून पाहिलेलं आहे. बीबीसीने १९५०च्या दशकात ‘व्हेरा’ नावाचं यंत्र बनवलं. त्यात फीत सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने धावायची. रिळं अर्ध्या मीटरहून मोठी, तरी पंधराएक मिनिटांत संपायची. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीच्या चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली वेगळी वाट काढली: फीत सावकाश जाऊ द्या, हेड फिरवा. पाच सेंटिमीटर रुंदीच्या फितीवर चार हेड मिनिटाला १४,४०० फेऱ्या मारत आडव्या रेघा ओढायचे. पण टीव्हीचं चित्र शेकडो आडव्या ओळींचं असतं, आणि एका रेघेत त्यातल्या जेमतेम सोळा-सतरा ओळी मावायच्या. एक अख्खं चित्र बऱ्याच रेघांत विखुरलेलं, त्यामुळे फीत थांबवून ते न्याहाळायची सोय नव्हती. शिवाय यंत्र एवढं मोठं आणि महाग की ते स्टुडिओतच शोभावं.

घरातल्या व्हीसीआरने ड्रम कलता ठेवून रेघ आडवी न ओढता तिरपी ओढली. १९७५ साली सोनीचं बीटामॅक्स आलं, १९७६ साली जेव्हीसीचं व्हीएचएस. दोन्हींची मूळ युक्ती हीच. व्हीएचएसच्या पाल पद्धतीच्या (भारतातल्या टीव्हीची पद्धत) मशीनचा हिशोब घेऊ. फीत १२.७ मिलिमीटर रुंद आणि सरकते सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर, म्हणजे ऑडिओ कॅसेटच्याही निम्म्या वेगाने. ड्रमचा व्यास ६२ मिलिमीटर, फेऱ्या सेकंदाला २५. ड्रमवर समोरासमोर दोन हेड. प्रत्येक हेड अर्ध्या फेरीत फितीवर सहा अंशांनी तिरपी, सुमारे दहा सेंटिमीटरची एक रेघ ओढतं. त्या एका रेघेत चित्राचं एक क्षेत्र, म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, पुरतं मावतं. सेकंदाला अशा ५० रेघा. हेड आणि फीत यांच्यातला वेग होतो सेकंदाला ४.८७ मीटर, जवळजवळ ‘व्हेरा’इतकाच. तीन तासांच्या कॅसेटमधल्या सगळ्या रेघा एकापुढे एक ठेवल्या तर ५२ किलोमीटर भरतील. फीत मात्र अडीचशे मीटरच्या आसपास.

एवढ्या रेघा मावतात कारण त्या अगदी खेटून असतात. एकेकीची रुंदी ४९ मायक्रॉन, डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी, आणि मधे मोकळी जागा शून्य. मग शेजारच्या रेघेतलं चित्र यात डोकावत कसं नाही? मला या यंत्रातली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. दोन हेडांच्या फटी जाणूनबुजून वाकड्या ठेवल्या आहेत: एकीचा कल सहा अंश इकडे, दुसरीचा सहा अंश तिकडे. एका हेडने लिहिलेलं दुसऱ्याला जवळपास वाचताच येत नाही. पुढे पळवताना पडद्यावर जे खरखरीचे पट्टे दिसतात ते यामुळेच. हेड आपली रेघ सोडून शेजारच्या रेघा ओलांडत जातं; आपल्या जातीची रेघ लागली की चित्र, परकी लागली की मुंग्या.

चित्राचा उजेड थेट फितीवर लिहीतही नाहीत. सावकाश बदलणाऱ्या संदेशाला हेड फारशी दाद देत नाही, आणि टीव्हीच्या चित्रात संथ आणि चपळ बदल एकत्रच असतात. म्हणून उजेडानुसार एका लहरीची कंप्रता सेकंदाला ३८ लाख ते ४८ लाखांच्या दरम्यान वरखाली करतात. रंगांना ६ लाख २७ हजारांवर उतरवून खालच्या रिकाम्या जागेत बसवतात. कॅसेटचे रंग थोडे पसरट दिसतात ते या दाटीवाटीमुळे.

व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, असायचा. त्यामुळे एक कार्यक्रम बघत दुसरा टेप करता यायचा, किंवा टायमर लावून बाहेर जाता यायचं. अमेरिकेत यावर सिनेमाचे स्टुडिओ कोर्टात गेले. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की नंतर बघण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग गैर नाही. टायमर मात्र बिचारा फक्त घड्याळ ओळखायचा. कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला की शेवट गेलाच. आणि वीज जाऊन आली की कित्येक मशीनवर १२:०० लुकलुकत राहायचं, ते कोणी नीट करेपर्यंत. हेडला मायक्रॉनच्या हिशोबात नाचवणाऱ्यांनी घड्याळ लावायची बटणं इतकी किचकट का केली, हे कोडंच आहे.

कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लॅस्टिकची चकती असते. ती तोडली की मशीनमधल्या खटक्याला तिथे खड्डा लागतो आणि रेकॉर्डिंग होत नाही. पुन्हा वापरायची असेल तर खड्ड्यावर चिकटपट्टी. लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच चढायची ती ही चकती शाबूत राहिल्याने.

फितीच्या खालच्या काठावर सेकंदाला २५ ठोके नोंदलेले असतात. रेघ नेमकी कुठे सुरू होते ते मशीनला त्यांवरून कळतं. दुसऱ्या मशीनवर टेप केलेली कॅसेट लावली की हा हिशोब थोडा चुकतो. ट्रॅकिंगचं बटण तो जुळवून घेतं, आणि खरखर हळूहळू सरकत पडद्याबाहेर जाते.

जुनी कॅसेट संगणकावर उतरवून घेतली की चित्राच्या अगदी तळाशी एक फाटकी, थरथरती पट्टी दिसते. अनेकांना वाटतं फीत खराब झाली. ती पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती. एक हेड आपली रेघ संपवून काम दुसऱ्याकडे सोपवतं तो हा क्षण, सेकंदाला पन्नास वेळा. जुन्या टीव्हीच्या पडद्याची कड चित्राचा तेवढा भाग झाकून टाकायची.