गृहस्वयंचलनातील दूरस्थ प्रवेश

घरातले दिवे, गीझर, टाकीची मोटार, दाराचे कुलूप, कॅमेरे एका यंत्रणेला जोडून ठरावीक नियमांनुसार चालवणे म्हणजे गृहस्वयंचलन. ही यंत्रणा घराबाहेर असतानाही पाहता व हाताळता यावी म्हणून केलेली सोय म्हणजे दूरस्थ प्रवेश. मराठी मुलखातल्या अनेकांना ही कल्पना घराआधी विहिरीवर भेटली. शेतीपंपाला वीज रात्री-अपरात्री मिळते, मोटार चालू करायला अंधारात शिवारात जावे लागते. त्यावर उपाय म्हणून सिमकार्डावर चालणारे मोबाइल स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यांतले नावाजलेले उपकरण. घरून फोन लावायचा, पंपापाशी वीज आहे की नाही ते समजून घ्यायचे, मग मोटार सुरू किंवा बंद करायची. घरातल्या यंत्रणेकडूनही मुळात हेच दोन हवे असते : स्थिती कळावी आणि हुकूम पोचावा.

बाजारात मिळणारे बहुतेक स्मार्ट प्लग ही सोय घेऊनच येतात. प्लग कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे दूरच्या संगणकाशी, सतत जोडलेला राहतो, फोनही त्याच सर्व्हरला विचारतो. मांडणी सोपी आहे, पण त्यामुळे आपल्या भिंतीवरचे बटण कंपनीच्या आयुष्याला बांधले जाते. अमेरिकेतील ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि ग्राहकांना ॲपवरून घर चालवता येईना. म्हणून बरेच जण घरातच छोटा सर्व्हर ठेवतात. त्यासाठी सर्वाधिक परिचित असलेले मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पॉलस स्खाउत्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले ‘होम असिस्टंट’. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर ते चालते आणि घरच्या वायफायवर ८१२३ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्रात शिरण्याचे क्रमांक दिलेले दार) उघडते. खरा प्रश्न उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर सुरू होतो.

बाहेरून घर का सापडत नाही

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो. तो देण्याच्या आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ते जगाला पुरत नाहीत, म्हणून घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून राउटरचा एकच पत्ता बाहेर दिसतो. एवढ्यावरही भागत नसल्याने अनेक इंटरनेट सेवादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या गृहसंकुलातून बाहेर पत्र पाठवायला अडचण नसते, पण नुसत्या संकुलाच्या नावाने आलेले पत्र कोणत्या सदनिकेचे हे फाटकावरच्या रखवालदाराला कळत नाही, तसेच हे. भारतात मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर हीच स्थिती असते. तपासायचे झाल्यास राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरला सेवादाराकडून मिळालेला पत्ता) आणि बाहेरचे एखादे संकेतस्थळ दाखवते तो पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगसाठी, म्हणजे बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्यासाठी, कितीही खटपट केली तरी ती वाया जाते. स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात.

मार्ग

सार्वजनिक पत्ता असला तरी पोर्ट सरळ उघडे टाकणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. डकडीएनएससारख्या सेवेवरून घराला नाव मिळते, लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट प्रमाणपत्र मिळते, संदेश कूटबद्ध होतात, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येत नाहीत. हे सगळे खरे असले तरी लॉगिनचे पान साऱ्या जगापुढे उभे राहते आणि उघडी पोर्टे शोधत फिरणारे प्रोग्राम ते लवकरच हुडकून काढतात. २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊनच मोठे हल्ले केले. पासवर्ड भक्कम असून भागतेच असे नाही. मार्च २०२३ मध्ये खुद्द होम असिस्टंटच्या सुपरवायझर या भागात पासवर्डाची पायरीच ओलांडू देणारी त्रुटी जाहीर झाली. ज्यांचे पान इंटरनेटवर उघडे नव्हते त्यांना अपडेट करायला सवड मिळाली.

त्याहून चांगला मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे फोन आणि घर यांच्यातल्या कूटबद्ध खाजगी वाटेचा. वायरगार्ड हा जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेला व्हीपीएनचा प्रोटोकॉल (संदेशांच्या देवाणघेवाणीची पद्धत) मार्च २०२० पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात आहे. फोन आणि घर यांच्याकडे आपापल्या किल्ल्यांची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुप्त संकेतांची, जोडी असते. ओळखीच्या किल्लीने न आलेल्या संदेशाला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधत फिरणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. सीजीनॅटमागे असलेल्यांना वायरगार्डवरच उभारलेली टेलस्केल ही सेवा उपयोगी पडते. दोन्ही टोके स्वतःहून बाहेर हाक देतात, सेवा त्यांची गाठ घालून देते, आणि थेट वाट जमलीच नाही तर कूटबद्ध संदेश मधल्या सर्व्हरवरून नेते. आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

घरच्यांना फोनवर व्हीपीएन चालू ठेवणे जड जात असेल तर बोगदा-पद्धत घ्यावी. यातही जोडणी घरातून बाहेर, मधल्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि फोन त्या सर्व्हरमार्फत घरी पोचतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या बोगद्याला स्वतःचे डोमेन, म्हणजे आपल्या नावावर नोंदवलेले संकेतस्थळाचे नाव, लागते. त्यात कूटबद्धता क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उलगडून पुन्हा बांधली जाते, हे माहीत असावे. होम असिस्टंटच्या सेटिंगमध्ये विश्वासू प्रॉक्सीचा (मध्यस्थ म्हणून संदेश आणून देणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता नोंदवला नाही तर पानाऐवजी ४०० क्रमांकाची चूक दिसते; नवखे हमखास इथे अडतात. होम असिस्टंटच्या संस्थापकांनीच २०१८ मध्ये काढलेल्या ‘नाबू कासा’ या कंपनीच्या सेवेची वर्गणी भरली तर ही सारी खटपट वाचते. त्यात कूटबद्धता थेट घरातल्या यंत्रावरच उलगडते.

वीज, पाणी आणि माणसे

वाट कोणतीही घेतली तरी राउटर, फायबरचा डबा आणि सर्व्हर तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एक जरी मुख्य विजेवर राहिला तरी वीज गेल्याबरोबर घराशी संपर्क तुटतो, आणि नेमके तेव्हाच घरी काय चालले आहे ते पाहायचे असते. वीज परत येते तेव्हा रिले (हुकमानुसार वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कोणत्या स्थितीत जागा होतो हेही ठरवून द्यावे लागते. गीझर आणि मोटार यांच्यासाठी ती स्थिती ‘बंद’च असावी. दुरून गीझर चालू केला आणि मध्येच इंटरनेट गेले, तर तो बंद करणारा नियम घरातल्या सर्व्हरवर किंवा स्विचमध्येच हवा : वीस मिनिटे झाली की बंद. टाकी भरल्यावर मोटार थांबवण्याचे काम तरंगत्या स्विचकडेच राहू द्यावे. दुरून चालवायच्या गीझरचा रिले १६ अँपिअर भार पेलणारा असावा.

घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, प्रशासकाच्या खात्याला दोन-टप्पी पडताळणी असावी. फोन हरवला की त्याची किल्ली यादीतून त्याच दिवशी काढावी.

परदेशी गेलेली मुले पुण्या-सांगलीतल्या आई-वडिलांच्या घरी अशी यंत्रणा बसवतात तेव्हा कॅमेऱ्याचा मोह होतो. पण आई सकाळी उठली, स्वयंपाकघराचे दार उघडले, एवढे कळायला दाराचा आणि हालचालीचा संवेदक पुरतो. कॅमेरा लावायचाच तर कुठे लावायचा आणि तो कोण पाहणार, हे त्यांना आधी विचारावे. भिंतीवरचे साधे बटणही तसेच चालू राहिले पाहिजे, कारण त्या घरात राहणाऱ्याचा हात अंधारात तिथेच जातो.