तंबू कुठे लावायचा?

सह्याद्रीत किल्ल्यांवर मुक्काम करणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. वाऱ्याचा मारा चुकवणारी, पाण्याजवळची, थोडी खोलगट जागा हेरायची आणि कॅरीमॅट पसरायची. कळसूबाईचा माथाही 1646 मीटरच उंच, त्यामुळे इकडे ते चालून जातं. मनालीहून हामटा खिंडीकडे निघालात, की तीच सवय रात्रभर कुडकुडायला लावते. उंचावरच्या मुक्कामात महागड्या स्लीपिंग बॅगपेक्षा तंबूची जागा मोलाची ठरते, असं माझं ठाम मत आहे.

जमीन दिवसरात्र अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. सूर्य मावळला की तिची भरपाई थांबते. कोकणातल्या दमट हवेतलं बाष्प यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतं. 4000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो, हवा कोरडी असते आणि तिच्यात बाष्प फारच थोडं. निरभ्र रात्री तिथे दर चौरस मीटरमागे सुमारे 100 वॉट उष्णता आकाशात निघून जाऊ शकते. झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण 75 वॉट निर्माण करतं, हे लक्षात घेतलं तर सामना किती विषम आहे ते कळेल. तंबूचं कापडही अशीच उष्णता गमावतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं.

जमिनीलगतची गारठलेली हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि नाल्याच्या पात्रात साचते. वारा पडलेला असेल, तर दरीचा तळ आणि त्याच्या थोडा वरचा टप्पा यांच्या तापमानात काही अंशांचा फरक सहज पडतो. हामटाच्या वाटेवर बालू का घेरा इथली नाल्याकाठची सपाटी मोहात पाडते खरी, पण अशा ठिकाणी जरा वर चढून मोकळ्या टप्प्यावर तंबू लावलेला बरा. शिवाय बर्फ वितळून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी दुपारनंतर चढतं. सकाळी कोरडी दिसलेली वाळू संध्याकाळी कोरडी असेलच असं नाही.

पहाटे तंबूच्या आत टपटपणारं पाणी पाहून अनेकांना कापड गळतंय असं वाटतं. ते पाणी बहुतेक वेळा आपल्याच श्वासातलं असतं. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणारं बाष्प तंबूच्या बाहेरच्या गार कापडाला, म्हणजे आऊटरला लागून तिथेच थिजतं. थंडीच्या भीतीने सगळ्या चेन लावून झरोके बंद केले की ते आणखी साचतं. तंबू उष्णता फारशी धरून ठेवत नाहीच, त्याचं खरं काम वारा आणि पाऊस अडवणं. त्यामुळे झरोके उघडे ठेवून ऊब फारशी जात नाही. स्लीपिंग बॅगेतली पिसं ओली झाली, तर मात्र त्यांच्यात अडकलेली हवा जाते आणि तिच्याबरोबर ऊबही.

खालून येणाऱ्या गारठ्याकडे तर फारच दुर्लक्ष होतं. अंगाखाली बॅगेची पिसं दबून चपटी होतात, म्हणजे पाठीखाली बॅग जवळपास निरुपयोगी. तिथे मॅटच कामी येते. एकाच माणसाला दोन मॅट पुरवता येत असतील, तर दुसरा स्वेटर घरी ठेवला तरी चालेल.

जागा निवडताना उंचीचा हिशेब सर्वांत आधी करायचा. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. दिवसा आणखी वर जाऊन खाली झोपायला परतलं तर उत्तमच. झोपेत ऑक्सिजन कमी पडला की श्वास वेगावतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदू काही क्षण श्वासाचा हुकूमच देत नाही. मग दचकून मोठा श्वास. शेजारी झोपलेल्याचा हा खेळ ऐकून घाबरायला होतं, पण उंचीवर तो सर्रास दिसतो. डोकेदुखीच्या जोडीला उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं सुरू झालं, तर मात्र सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कधीच नाही. आधीच ऑक्सिजनला आसुसलेल्या रक्तातली जागा कार्बन मोनॉक्साइड बळकावतो, आणि त्याला वासही नसतो.

राहिला हिरव्यागार बुग्यालांचा, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांचा प्रश्न. तिथल्या गवताला बर्फाखालून बाहेर येऊन वाढायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. गार मातीत कुजण्याची क्रियाही संथ चालते, म्हणून तुडवलेली जागा वर्षानुवर्षं सावरत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, ती मला अगदी योग्य वाटते. हिमाचलातला चंद्रताल 2005 पासून रामसर स्थळ आहे आणि तिथेही तंबू तळ्यापासून दूरच लावावे लागतात. गवत सोडून खडीच्या कोरड्या जमिनीवर झोपण्यात आपलाही फायदाच आहे, कारण ओल्या गवतातून उठणारं बाष्प तिथे नसतं. खडीत मेखा धरत नाहीत, तेव्हा तणावे मोठ्या दगडांना बांधायचे. निघताना ते दगड उचलले तिथेच, त्याच बाजूने परत ठेवायचे, कारण त्यांच्या खालच्या ओलाव्यात किडे राहतात आणि वरच्या पृष्ठावरचं दगडफूल वाढायला अनेक दशकं लागलेली असतात.