रस्त्यावर उतरण्याआधीचा रस्ता

विनाचालक गाडी आधी संगणकात चालवून पाहतात, याचे नवल निदान गोव्यात वाटू नये. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू नौकेवर असते तशी चढती धावपट्टी आणि विमान अडवणारी तार जमिनीवरच उभारली आहे. नौदलाचे तेजस १३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथे तार पकडून थांबले, मगच ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरले. चूक झालीच तर ती समुद्रावर होऊ नये, एवढाच हेतू.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातले भाते वापरून वैमानिकांच्या सरावासाठी जागच्या जागी डोलणारे विमान बनवले. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत दगावले, तेव्हा कुठे लष्कराने ते विकत घेतले.

विनाचालक मोटारींची मोठी कसोटी २००४ मध्ये लागली. अमेरिकेच्या मोजावे वाळवंटात डार्पाने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, भरवलेल्या शर्यतीत सुमारे २३० किलोमीटर जायचे होते; सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही गेली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली. वाळवंटात माणसे नव्हती, हे मात्र विसरू नये.

खरा पेच २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने आकड्यांत मांडला. अशी गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर तिने एकही जीव न घेता २७.५ कोटी मैल धावायला हवे. १०० गाड्या रात्रंदिवस पळवल्या तरी साडेबारा वर्षे! म्हणून आभासी रस्ते. गूगलच्या घरातल्या वेमो या विनाचालक गाड्यांच्या कंपनीच्या संगणकात २०१७ मध्ये २५ हजार गाड्या रोज सुमारे ८० लाख मैल धावत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका सर्कलवर गाडी गोंधळली, तर तेच सर्कल संगणकात उभारून शेजारच्या वाहनांचा वेग थोडा थोडा बदलत तो प्रसंग हजारो वेळा घडवायचा.

पण संगणकात येते ते कुणाला तरी सुचलेले. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा जीव घेतला. माणूस झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीच्या रचनेत धरलेलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. मला या साऱ्या इतिहासात हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरची सुमारे १० हजार छायाचित्रे अशा गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी जमवली. त्यात रिक्षा आणि जनावर यांना स्वतंत्र वर्ग दिले. गोव्यासाठी तेवढ्याने भागणार नाही. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा पायलट, समुद्र दिसताच मध्येच थांबणारी भाड्याची स्कूटर, धारबांदोड्याकडचे खनिजाचे ट्रक हे सगळे त्या आभासी रस्त्यात भरावे लागेल. आणि सर्वांत आधी, पावसाळ्यात तिन्हीसांजेला डांबरावर रवंथ करत बसलेली गुरे.