सावकार, सोसायटी आणि मुंबई इलाखा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या शेतकऱ्याला पीककर्ज हवं असलं की तो पहिल्यांदा गावच्या सहकारी सोसायटीत जातो, बँक नंतर. ही सवय कर्नाटकाने लावली नाही आणि महाराष्ट्रानेही नाही. तिचं मूळ इंग्रजांच्या काळातल्या मुंबई इलाख्यात आहे.

वसाहतकाळात आलेल्या संस्थांवर त्या देशांचं पुढचं अर्थकारण कसं ठरतं, हे दाखवल्याबद्दल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की गोरे जिथे घरं करून राहिले तिथे मालमत्तेला संरक्षण मिळालं. जिथे नुसता महसूल उपसायचा होता तिथे ते मिळालं नाही. बेळगावला हे अर्धंच लागू पडतं. इथे जमिनीचा हक्क कागदावर पक्का झाला, आणि तो पक्का झाला म्हणूनच कित्येकांच्या हातून जमीन सुटली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा केला. जमिनीचा महसूल, म्हणजे सारा, रयतवारी पद्धतीचा: मधे जमीनदार नाही, खातेदार थेट सरकारला बांधलेला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापुरात बसवलेली मोजणीची पद्धत पुढे इकडेही आली. शेतांना नंबर पडले, आकार म्हणजे साऱ्याची रक्कम ठरली, ती तीस वर्षं कायम राहायची. आता जमीन गहाण टाकता येऊ लागली, कोर्टातून लिलावात काढता येऊ लागली. सारा मात्र रोख आणि वेळेवर. पाऊस चुकला की सावकाराची पायरी चढणं आलंच.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बुडणार, म्हणून सावकार तीन वर्षं भरायच्या आत थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई. कायदा ऋणकोच्या सोयीसाठी होता, असं म्हणायची पद्धत आहे! १८७५ मध्ये सुप्याला आणि मग पुणे-नगरच्या गावांत लोकांनी खतं जाळली. १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. बेळगाव त्यात नव्हतं. १८८३-८४ मध्ये तगाईचे, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज देण्याचे, कायदे झाले, पण तगाई मिळवायची म्हणजे पुन्हा कचेरीचे खेटे.

मग १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा. गावातल्या दहा जणांनी एकत्र यायचं, एकाचं कर्ज बुडालं तर सगळ्यांनी भरायचं. या कायद्याखालच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक १९०५ मध्ये शेजारच्या, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळला नोंदली गेली. म्हणजे सावकाराला ज्या सरकारने बळ दिलं, त्याला उतारा शोधायलाही तेच निघालं. तो फारसा लागू पडला नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. वसाहतीने दिला तो साचा. त्यात पैसा ओतला गेला तो स्वातंत्र्यानंतर.

बँकांची गोष्ट वेगळी. भोवती कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग अशी संस्थानांची ठिगळं होती. सांगली बँक १९१६ ची, मिरज स्टेट बँक १९२९ ची, बेळगाव बँक १९३० ची. शेवटच्या दोन्ही युनियन बँकेत विरल्या, बेळगाव १९७५ मध्ये, मिरज १९८५ मध्ये. संस्थानातलं नाव आणि इलाख्यातलं नाव अखेर एकाच पाटीखाली आलं.

१९५६ मध्ये चंदगड वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. सोसायट्यांना म्हैसूरचा १९५९ चा सहकार कायदा लागला, पलीकडे महाराष्ट्राचा १९६० चा. दोन्हींमागे मुंबईचा १९२५ चा कायदा होता. सभासद आणि ठेवीदार सीमेच्या दोन्ही बाजूंना असले तर काय, हा प्रश्नही नवा नव्हता. एकाहून अधिक प्रांतांत काम करणाऱ्या सहकारी संस्थांसाठी इंग्रजांनी १९४२ मध्येच कायदा केला होता. १९८४ आणि २००२ मध्ये त्याच्या जागी बहुराज्य सहकारी संस्थांचे कायदे आले. सीमाभागातल्या ज्या पतसंस्थांच्या पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेलं असतं, त्यांची नोंदणी बेंगळुरूत नाही आणि पुण्यातही नाही, थेट दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे असते.