शून्यापासून मोजा

खिडकीच्या गजाला जाड दोरा, दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. सहावीच्या मुलांचे चार-चारांचे गट केले होते. एकाने नट सोडायचा, एकाने झोके मोजायचे, एकाने घड्याळ बघायचं, एकाने लिहायचं. काम सोपं होतं, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते शोधायचं.

फळ्यावर आकडे आले: ४०, ४०, ३८, ४१. अडतीसवाल्या गटाचा नट इतरांपेक्षा मोठा होता. मोजणारा मुलगा ठासून म्हणाला, "आमचा नट जड आहे, म्हणून लवकर झुलतो." मागून आवाज आला, "तुमचंच चुकलंय!" वर्गात हशा पिकला आणि त्या मुलाचे कान लाल झाले.

अशा वेळी बरोबर उत्तर सांगून टाकायचा मोह मोठ्यांना फार होतो. मलाही झाला. पण तेवढ्यात घड्याळवाली मुलगी म्हणाली, "नट बदलून बघू या का?" मोठा नट दुसऱ्या गटाच्या दोऱ्याला लावला, तरी ४०. छोटा नट यांच्या दोऱ्याला लावला, तरी ३८. म्हणजे वजनाचा काही संबंध नव्हता. मग शेजारच्या गटातली एक मुलगी येऊन नुसती बघत उभी राहिली. दोनदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "अरे, तू सोडतानाच 'एक' म्हणतोयस."

सगळी मेख तिथेच होती. सोडतानाच 'एक' म्हटलं, तर 'वीस' म्हणेपर्यंत झोके एकोणीसच पूर्ण होतात. एक मीटरच्या लंबकाला एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणं, घ्यायला सुमारे दोन सेकंद लागतात. एकोणीस दुणे अडतीस. मुलाने नट पुन्हा धरला, सोडताना मोठ्याने 'शून्य' म्हणाला, आणि चाळीस सेकंद आले. फळ्यावरचा ३८ त्याने स्वतःच पुसला.

या दहा मिनिटांत विज्ञान किती झालं आणि मनाचं शिक्षण किती झालं, हे मला वेगळं काढता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं ही प्रयोगाची शिस्त आहे. पण तीच भांडण सोडवायची रीतसुद्धा आहे, कारण बोट माणसावरून उठून मोजण्याकडे जातं. घाबरलेल्या, अपमान झालेल्या मुलाचं डोकं चालत नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असतं. मेंदूचा अभ्यासही तेच सांगतो: ताण वाढला की हातातली माहिती काही क्षण धरून ठेवणारी कार्यस्मृती दुबळी पडते. हशा तसाच चालू राहिला असता तर त्या मुलाला विसापर्यंत मोजणंही जड गेलं असतं.

आपल्या भावना सांभाळणं, इतरांशी जुळवून घेणं ही भावनिक-सामाजिक कौशल्यं शिकवणं म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, असं अनेक पालकांना वाटतं. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही कौशल्यं शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मुलं होती २ लाख ७० हजारांवर. अभ्यासातली त्यांची प्रगती इतर मुलांपेक्षा सरासरी ११ पर्सेंटाइलने जास्त निघाली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध असलेलं मूल खालून मोजता साधारण एकसष्टाव्या जागी पोचावं, एवढा हा फरक.

विज्ञान आणि मिळून शिकणं एकत्र आणायचं काम आपल्या शेजारी फार आधी झालं होतं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करत, निरीक्षणांवर वाद घालत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं मनातले प्रश्न पत्राने विचारत. तीस वर्षं चाललेला हा उपक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, याची हळहळ आजही वाटते.

याच उपक्रमात १९७८ साली टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीतून रजा घेऊन अभियंता अरविंद गुप्ता गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही, हे बोटांनाच कळतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते: काडी मोडली तर कुणी ओरडत नाही. कुलपातल्या कपाटातली महागडी काचेची नळी हातात देताना आपण मुलाच्या हातात भीतीही देतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. गट केले की साहित्य मुलगे ओढून घेतात आणि अक्षर छान म्हणून वही मुलींकडे जाते. नुसतं "मिळून करा" म्हणून हे सुटत नाही. दर फेरीला कामं बदलायचीच, असा नियम लागतो. आमच्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांना कुरकुर होते, मग होत नाही.

पुढच्या आठवड्यात दोरा पंचवीस सेंटीमीटर केला. लांबी पाव झाली, मग वेळही पाव, दहा सेकंद, असं सगळ्या वर्गाने हात वर करून सांगितलं. आले वीस. पुन्हा मोजले, पुन्हा वीस. या वेळी चुकीचे सगळेच होते, त्यामुळे हसायला कुणी उरलं नव्हतं. ३८ वाला मुलगा खिडकीवर चढून गाठ सोडवायला लागला.

"पन्नासला बांधू," तो म्हणाला. "आणि मोजणाऱ्याने शून्य म्हणायचं."