एकदा बीज सोडलं की तळं कायमचं भरलं?

परसातल्या तळ्यात एकदा कटला-रोहूचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं की पुढं मासे आपोआप वाढत राहतात, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साचलेल्या तळ्यात मादीचं पोट गाभोळीनं टम्म फुगतं, पण अंडी पडत नाहीत. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा, म्हणजे मेंदूखालच्या संप्रेरक-ग्रंथीचा, अर्क टोचून हा पेच सोडवला. बीजकेंद्रात आजही संप्रेरकाचं इंजेक्शनच लागतं. तेव्हा तळं आटवून, गाळ उपसून, चुना टाकून झाला की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकतच आणायची. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मात्र तळ्यातल्या पाणवनस्पतींवरही अंडी चिकटवतो. आणि तिलापिया? तिची पिलावळ एवढी होते, की सगळेच मासे वीतभरही वाढत नाहीत.